हत्यार तेच, काळ निराळा

ठाणे, कल्याण आणि डोंबिवली येथील सुशिक्षितांच्या बैठकींत चळवळीचा विषय निघाला की दोन मते हटकून ऐकू येतात. पहिले मत असे की, मोर्चे, धरणी आणि उपोषणे हा सर्व निष्फळ खटाटोप होय. सरकारास जे करावयाचे ते ते करतेच, मग लोकांनी उन्हातान्हात कशाला फिरावे? दुसरे मत याच्या नेमके उलट आहे. रेल्वेगाडी अडविल्यावाचून किंवा रस्त्यावर चक्काजाम केल्यावाचून सरकारची झोप मोडत नाही, असे ते म्हणतात. ही दोन्ही मते वरवर परस्परविरुद्ध दिसली तरी त्यांचा पाया एकच आहे. दोघेही केवळ हत्याराकडे पाहतात. एकाला ते नेहमीच बोथट वाटते, दुसऱ्याला ते जितके धारदार तितके बरे वाटते. ते कोणत्या काळी, कोणावर आणि कोणाच्या देखत उपसले जात आहे, हा प्रश्न दोघांच्याही मनात येत नाही. आपल्या जुन्या लोकांनी साधे दान करतानासुद्धा देश, काल आणि पात्र पाहावे असे सांगून ठेवले आहे. जो विचार दानास लागतो तो सत्तेशी झुंजताना लागू नये काय? आमचे म्हणणे असे की, चळवळीच्या यशापयशाचा मोठा वाटा राजकीय हवेत असतो. आणि जो ही हवा ओळखीत नाही तो विजय आपल्या पराक्रमाचा समजतो आणि पराभव आपल्या दुबळेपणाचा. दोन्ही समजुती पुढच्या लढ्यास सारख्याच घातक आहेत.

इतिहासातील एक जोडी या कामी फार बोलकी आहे. १९२१ च्या एप्रिलात, रामनवमीच्या दिवशी, मुळशीच्या मावळ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह आरंभिला. सेनापती बापटांसारखा पुढारी त्यांस लाभला होता, आणि निष्ठेत ते लोक कोणास हार जाणारे नव्हते. तरीही १९२४ पर्यंत तो लढा विझला आणि गावे पाण्याखाली गेली. पुढे १९२८ त बारडोलीच्या शेतकऱ्यांनी सुमारे २२ टक्क्यांच्या सारावाढीविरुद्ध साराबंदी केली, आणि सहा महिन्यांत सरकारास चौकशी मान्य करावी लागली; त्या चौकशीअंती वाढ सुमारे ६ टक्क्यांवर आली. बारडोलीचा माणूस मुळशीच्या माणसाहून धीट होता काय? आम्हांस तसे वाटत नाही. मुळशीचा लढा रंगात यावयाच्या वेळी, फेब्रुवारी १९२२ त, देशातील असहकाराची मोहीमच मागे घेतली गेली आणि मार्चात गांधीजी तुरुंगात गेले. धरणाच्या विजेची मुंबईच्या गिरण्या वाट पाहत होत्या, आणि पुष्कळ जमिनींचे मालक असलेले सावकार मोबदला घेऊन मोकळे झाले. बारडोलीच्या वेळी मात्र सायमन कमिशनवरील बहिष्काराने देश पेटला होता, आणि मुंबई कौन्सिलातील गुजरातच्या सभासदांनी राजीनामे देऊन सरकारास एकटे पाडले होते. मुळशीस शत्रूची फळी सलग होती, बारडोलीस ती फुटलेली होती. शिवाय साराबंदीने सरकारचा खिसा थेट हलका होतो, धरणावर बसण्याने तो होत नाही, हाही भेद विसरता येत नाही.

आमच्या व्यापारी वाचकांस हे दूरचे वाटत असेल तर त्यांनी स्वतःचाच अनुभव आठवावा. जकात जाऊन तिच्या जागी स्थानिक संस्था कर, ज्यास बाजारात सर्वजण एलबीटी म्हणत, तो आला तेव्हा २०१३ च्या एप्रिल-मे महिन्यांत राज्यभर दुकाने बंद राहिली. बंद कडकडीत होता. तरी सरकारने कर मागे घेतला नाही, आणि अखेर फळ्या उघडाव्या लागल्या. पुष्कळांनी तेव्हा निष्कर्ष काढला की बंदाने काही साधत नाही. पण पुढच्याच वर्षी, २०१४ त, विधानसभेची निवडणूक आली. विरोधी पक्षाने कर रद्द करण्याचे वचन दिले, तो पक्ष सत्तेवर बसला, आणि १ ऑगस्ट २०१५ पासून वर्षास ५० कोटींपर्यंत उलाढाल असलेल्या व्यापाऱ्यांचा तो कर गेला. जे एका सरकारकडून दुकाने बंद ठेवून मिळाले नाही ते दुसऱ्याकडून दुकाने उघडी असताना मिळाले. मग २०१३ चा बंद फुकट गेला म्हणावयाचे काय? मुळीच नाही. त्या बंदामुळेच व्यापाऱ्यांची नाराजी किती खोल आहे हे मते मागणाऱ्यांस कळले. पेरणी एका हवेत झाली, पीक दुसऱ्या हवेत आले.

आता आमच्याच जिल्ह्यातील सर्वांत मोठ्या उदाहरणाकडे वळू. २०१४ च्या ऑगस्टात पालघर जिल्हा वेगळा झाला. त्यापूर्वी डहाणू आणि तलासरीचा मुलूख ठाणे जिल्ह्यातच मोडत असे. तेथील वारली जमीनदारांच्या शेतावर वेठ करीत, आणि लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी जन्मभर मालकाच्या घरी राबणारास ‘लग्नगडी’ म्हणत. ही स्थिती पिढ्यानुपिढ्या चालत आली होती. मग ती १९४५ तच का हलली? अन्याय त्या वर्षी एकाएकी वाढला नव्हता. १९४५ च्या जानेवारीत कल्याण तालुक्यातील टिटवाळ्यास किसान सभेची परिषद भरली. तेथे आलेले थोडे वारली परत जाताना एक नवी गोष्ट घेऊन गेले, ती ही की वेठ नाकारता येते. २३ मे १९४५ रोजी झरी येथे सुमारे पाच हजार आदिवासी जमले आणि वेठ व लग्नगडीपण बंद करण्याचा त्यांनी निश्चय केला. शामराव आणि गोदावरी परुळेकर त्यांच्यात मिसळून काम करीत होते.

त्या वेळची राजकीय हवा नीट पाहावी. प्रांतातील लोकनियुक्त मंत्रिमंडळाने १९३९ च्या नोव्हेंबरात राजीनामा दिला होता व गव्हर्नराचा अंमल चालू होता. ज्यांच्याकडे जमीनदारांनी गाऱ्हाणे घेऊन जावे ते मंत्री खुर्चीवर नव्हते. कम्युनिस्ट पक्षावरील बंदी १९४२ त उठली होती, कारण त्या पक्षाने युद्धास पाठिंबा दिला होता. त्यामुळे लाल बावट्याच्या सभा उघडपणे भरू शकत होत्या. तिकडे मुंबईच्या तबेल्यांस ठाणे जिल्ह्याचे गवत हवे होते, आणि गवत असा माल आहे की वेळेवर कापले नाही तर उभ्याउभ्या मातीमोल होते. तेव्हा आश्विनात, गवतकापणीच्या ऐन हंगामात, वारल्यांनी पाचशे पौंडांस अडीच रुपयांचा दर मागून काम थांबविले, यात केवळ धैर्य नव्हते, अचूक वेळसाधनाही होती. त्या संपाच्या दिवसांतच, १० ऑक्टोबर १९४५ रोजी, खोटा निरोप पसरवून तलवाड्यास लोक जमविले गेले आणि त्यांच्यावर पोलिसांचा गोळीबार झाला. जेठ्या गांगड आणि आणखी चौघे त्यात पडले. हवा अनुकूल असली म्हणजे रक्त सांडत नाही, असा आमच्या म्हणण्याचा कोणी अर्थ करू नये.

पुढच्या वर्षी हवा पालटली. १९४६ त बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ अधिकारावर आले. हे आपले, निवडून आलेले सरकार. आमच्यासारख्या राष्ट्रीय वृत्तीच्या माणसास त्याचा अभिमान वाटावा असा तो काळ. पण त्याच सरकारच्या अमलात, जंगलकामास दिवसाला सव्वा रुपया मागणाऱ्या वारल्यांच्या पुढाऱ्यांस जिल्ह्यातून हद्दपार करण्यात आले. परक्या गव्हर्नराने ज्या सभा चालू दिल्या त्या स्वकीयांच्या मंत्रिमंडळास खपल्या नाहीत, ही गोष्ट कडू आहे. परंतु कडू म्हणून ती लपविणे आम्हांस योग्य वाटत नाही. सरकार आपले झाले म्हणजे प्रत्येक दुबळ्याची हवा आपोआप अनुकूल होते, हा भ्रम तेथेच संपावयास हवा होता. यात ध्यानात धरावयाची दुसरी गोष्ट ही की, हवा फिरली तरी वेठ परत आली नाही. जे हजारो माणसांनी एकवार हात झाडून टाकले ते पुढाऱ्यांस हद्दपार करून त्यांच्या मानेवर पुन्हा ठेवता आले नाही. १९४५ च्या चार-पाच अनुकूल महिन्यांत गावोगाव संघटना उभी राहिली, म्हणून १९४६ च्या प्रतिकूल हवेत ती तग धरू शकली.

हवा म्हणजे केवळ मंत्रालयातील हवा असेही समजू नये. मागणी पुरविण्याची किल्ली कोणाच्या कमरेस आहे, हाही तिचाच भाग आहे. २०१७ च्या जून महिन्यात याचा दाखला मिळाला. १ जूनपासून पुणतांब्याच्या शेतकऱ्यांनी संप पुकारला. दूध आणि भाजीपाला शहरांस मिळेना. उत्तर प्रदेशात एप्रिलातच कर्जमाफी जाहीर झाली होती, त्यामुळे तेथे दिली ती येथे का नाही, ह्या प्रश्नास राज्यातील सत्ताधाऱ्यांपाशी उत्तर नव्हते. आणि सत्तेत भागीदार असलेला पक्षच कर्जमाफी मागत होता. दहाव्या-अकराव्या दिवशी सरकारने तत्त्वतः मान तुकविली, व २४ जून रोजी ३४,०२२ कोटींची योजना जाहीर झाली. तिच्या दोनच दिवस आधी, २२ जून रोजी, कल्याणजवळ नेवाळीस शेतकऱ्यांचा क्षोभ उसळला. दुसऱ्या महायुद्धात धावपट्टीसाठी इंग्रजांनी घेतलेल्या जमिनी युद्ध संपल्यावर परत मिळावयास हव्या होत्या, हे त्यांचे म्हणणे. त्या जमिनींभोवती नौदलाची भिंत उभी राहू लागली होती. पोलिसांच्या गाड्या जळल्या, छऱ्यांच्या बंदुका चालल्या, आणि गुन्हे दाखल झाले. राज्य तेच, सरकार तेच, महिनाही तोच. पण कर्जमाफीची किल्ली मुंबईत होती, नेवाळीच्या जमिनीची दिल्लीत, संरक्षण खात्यापाशी. ज्याच्या हाती देणे नाही त्याच्या दारात आग लावून काय मिळणार? उलट जाळपोळ होताच चर्चा जमिनीवरून उडाली आणि जळलेल्या गाड्यांवर जाऊन बसली. नेवाळीच्या शेतकऱ्याचे दुःख खोटे नव्हते. त्याची जागा आणि वेळ चुकली.

याच्या शेजारी २०१८ चा किसान मोर्चा ठेवून पाहावा. ६ मार्च रोजी तो नाशिकहून निघाला आणि कसारा घाट उतरून, शहापूर, भिवंडी, ठाणे ओलांडून मुंबईस पोचला. त्यात वनहक्क मागणारे आदिवासी बहुसंख्य होते. दहावीच्या परीक्षा चालू होत्या, म्हणून मुलांस अडथळा होऊ नये या विचाराने हे थकलेले लोक ११ तारखेच्या रात्री पुन्हा उठून चालू लागले व पहाटेच्या सुमारास आझाद मैदानात जाऊन बसले. ज्या शहरांनी वाहतुकीची खोळंबा म्हणून त्यांच्यावर चिडावयाचे त्याच शहरांतील लोक पाणी, खाऊ आणि पायांत घालावयास चपला घेऊन रस्त्यावर उभे राहिले. सत्तेतील शिवसेनेनेही मोर्चास पाठिंबा दिला; लोकसभेची निवडणूक वर्षावर आली होती. १२ मार्च रोजी सरकारने लेखी आश्वासने दिली. येथे शिस्तीने हवा अनुकूल केली आणि अनुकूल हवेने शिस्तीचे चीज केले. दोहोंस वेगळे काढता येत नाही.

पण कथा तेथे संपत नाही. वनहक्काचा कायदा २००६ चा, आश्वासन २०१८ चे. तरी २०१९ च्या फेब्रुवारीत पुन्हा मोर्चा निघाला, आणि २०२३ च्या मार्चात आणखी एकदा. २०२३ चा मोर्चा मुंबईपर्यंत आलाच नाही. तो वासिंदला थांबला, मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत निवेदन केले, आणि १८ मार्चला लोक परतले. टिटवाळ्याच्या पुढचे दुसरे स्थानक म्हणजे वासिंद. ज्या संघटनेने १९४५ त टिटवाळ्यास परिषद भरविली, तिच्याच झेंड्याखाली अठ्ठ्याहत्तर वर्षांनी तेथून दोन स्थानकांवर आदिवासी शेतकरी जमिनीचा दाखला मागत बसले होते. आश्वासन ही अनुकूल हवेची देणगी असते; तिचा सातबारा करून घेतला नाही तर हवेबरोबर तीही उडून जाते.

हाच धडा डोंबिवलीच्या उंबरठ्यावरील २७ गावांनी फार महाग किंमत देऊन घेतला आहे. १९८३ त कल्याण-डोंबिवली महापालिका झाली तेव्हा ही गावे तिच्यात घातली गेली. कर शहराचा आणि पाणी खेड्याचे, अशी त्यांची तक्रार होती. दीर्घ चळवळीनंतर २००२ त ती बाहेर पडली. १ जून २०१५ रोजी दुसऱ्या सरकारने ती परत आत घेतली. त्या वर्षीच्या निवडणुकीवर बहिष्काराची हाक झाली, तरी गावांतून उमेदवार उभे राहिले आणि नगरसेवकही निवडून गेले. मार्च २०२० त तिसऱ्या सरकारने १८ गावे वगळून त्यांची वेगळी नगरपरिषद करण्याचे ठरविले. गावांत आनंद झाला. डिसेंबर २०२० त उच्च न्यायालयाने तो निर्णयच रद्द केला, कारण गावे वगळण्यापूर्वी महापालिकेशी विचारविनिमय करण्याची जी पायरी कायद्याने सांगितली आहे ती चढलीच गेली नव्हती. वकिलीच्या धंद्यातील माणसास यात नवल वाटत नाही. मंत्र्याचा शब्द आणि राजपत्रातील अधिसूचना यांत अंतर आहे, आणि अधिसूचना व न्यायालयात टिकणारी अधिसूचना यांत त्याहूनही मोठे. हवा अनुकूल होती तेव्हा पुढाऱ्यांनी हारतुरे घालण्याआधी एक प्रश्न विचारावयास हवा होता: हा कागद उद्या आव्हान दिल्यास उभा राहील काय?

त्यातच २०२० च्या नोव्हेंबरात महापालिकेची मुदत संपली, आणि पुढे पाच वर्षे निवडणूक न होता प्रशासकाचा कारभार चालला. येथे हत्याराच्या मर्यादेचा आणखी एक प्रकार दिसला. जेथे मतदानच नाही तेथे बहिष्कार कशावर घालणार? नगरसेवकाच्या दारात मोर्चा नेण्याची सोय होती, कारण त्यास पुन्हा मते मागावयाची असत. प्रशासकास कोणाची मते नकोत. निवडणुका लांबणे ही केवळ राजकीय पक्षांची अडचण आहे, असे मानणाऱ्या आमच्या शहरवासी बंधूंनी याचा विचार करावा. निवडणूक लांबली म्हणजे नागरिकाच्या हातातील निम्मी हत्यारे म्यानात गंजतात.

यावर कोणी विचारील की, सर्व काही हवेवरच अवलंबून असेल तर अनुकूल दिवस येईपर्यंत स्वस्थ बसावे काय? उत्तरासाठी ग्रंथ धुंडाळण्याचे कारण नाही. मुरबाड-शहापूरच्या भातशेतकऱ्याकडे पाहावे. पाऊस त्याच्या हाती नाही. म्हणून तो आभाळाकडे पाहत बसतो काय? पावसाच्या कितीतरी आधी, भर उन्हाळ्यात, तो पालापाचोळा, टहाळ आणि शेण पसरून राब भाजतो. पहिली सर आली की त्या राबात बी पडते, आणि रोप तयार असते म्हणून आवणी साधते. ज्याने राब भाजला नाही त्याच्या शेतावरही पाऊस तेवढाच पडतो, पण त्याचे शेत तणाचे होते. चळवळीचा राब म्हणजे गावोगावची सभासदांची यादी, मागणीचे कागदपत्र, जुने निकाल, किल्ली कोणापाशी आहे याचे ज्ञान, आणि शेजारच्या माणसाची सहानुभूती. हे सर्व प्रतिकूल हवेतच करावयाचे असते. अनुकूल हवा आल्यावर ते करू म्हणणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे होय.

ही सहानुभूती देणे न देणे आमच्या वाचकांच्या हाती आहे, आणि म्हणून हा लेख पुढाऱ्यांपेक्षा त्यांच्यासाठी अधिक आहे. राजकीय हवा मंत्रालयातून वाहत येते तशी ती दुकानाच्या गादीवरून, वकिलाच्या कचेरीतून आणि सकाळच्या लोकलच्या डब्यातूनही निघते. २०१८ त ठाण्याने पाण्याचे पेले पुढे केले, त्याऐवजी दारे लावून घेतली असती तर १२ मार्चचे आश्वासन तितक्या लवकर मिळाले असते काय, याचा प्रत्येकाने शांतपणे विचार करावा. ज्या व्यापाऱ्याने स्वतःच्या करासाठी दुकान बंद ठेवले त्याने दुसऱ्याच्या मोर्चास ‘धंद्याचा खोळंबा’ म्हणताना क्षणभर थांबावे. आणि चळवळ करणारांनीही लक्षात ठेवावे की, ज्याची गाडी चुकविली, ज्याचे दुकान फोडले, त्याची सहानुभूती मागण्याचा हक्क आपण गमावून बसतो. पुढचा मोर्चा केव्हा निघेल आणि कोणाचा असेल हे सांगता येत नाही. तो निघेल तेव्हा त्यातील लोकांस विचारण्याजोगा प्रश्न एवढाच की त्यांची मागणी न्याय्य आहे काय, आणि ती पुरविणे ज्याच्या हाती आहे त्याच्याच दाराकडे ते चालले आहेत काय. ह्या दोन्ही प्रश्नांचे उत्तर होकारार्थी असेल, तर त्यांच्यासाठी हवा अनुकूल करण्याचा आपला वाटा आपण उचलला पाहिजे.